टोरांटो-मिसिसागात फ्रेंच शाळा (इमर्शन नव्हे!) : पब्लिक की कॅथलिक? आणि तिथल्या बदललेल्या वर्गांबद्दल

मुक्ता_मिसिसागा (धागाकर्ती)

मंडळी नमस्कार, बरेच दिवस मनात होतं, शेवटी धागा काढतेय. लेक सप्टेंबरात मातेर्नेलला म्हणजे ज्युनियर किंडरगार्टनला जाणार आणि आम्ही तिला फ्रेंच शाळेत घालायचं जवळपास नक्की केलंय. फ्रेंच इमर्शन नाही हं. फ्रेंच बोर्डाची (बोर्ड म्हणजे सरकारी शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) शाळा, जिथे गणित, पीटी, ऑफिसातून येणारा फोन, सहलीचा फॉर्म सगळं फ्रेंचमध्ये आणि इंग्रजी हा विषय चौथीपासून.

पार्श्वभूमी सांगते. नवरा मॉरिशसचा मराठी. त्याचे पूर्वज इंग्रजांच्या काळात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, पेपर वाचायचा तो फ्रेंच, आणि मराठी आरत्यांमध्ये, झाकरीच्या गाण्यांमध्ये आणि शाळेतल्या मराठीच्या तासाला. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी नाशिकची, फ्रेंच पुण्यात आलियाँस फ्राँसेजमध्ये शिकले. आम्ही दोघं अजून पीआरवर (पर्मनंट रेसिडेंट) आहोत, सिटिझन नाही.

प्रश्न दोन. पहिला, घराजवळ चालत जाता येईल अशी फ्रेंच शाळा आहे ती कॅथलिक. फ्रेंच पब्लिक शाळा लांब, बसने जावं लागेल, आणि चार वर्षांच्या पोरीला बसमध्ये बसवायचं म्हणजे जीव खालीवर होतो. आम्ही हिंदू. कोणी मुलांना फ्रेंच कॅथलिक शाळेत घातलंय का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. दोन्ही शाळांच्या ओपन हाउसला जाऊन आलो. वर्गात काँगो, कॅमेरून, हैती, लेबनॉन, मोरोक्को, अल्जीरियाची मुलं. पिढ्यान् पिढ्या इथे असलेल्या फ्रेंच घरातलं मूल शोधावं लागतं. ही शाळा ज्यांनी भांडून मिळवली ती माणसं वेगळी, आज बाकावर बसलेली वेगळी. मग ही शाळा नक्की कोणाची, आणि माझ्या मुलीनं तिथे हक्काने बसायचं की पाहुणी म्हणून, हे मला समजून घ्यायचंय.

रानवारा

मुक्ता, फरक कळला नाही. आमचा मुलगा पील बोर्डात, म्हणजे इथल्या इंग्रजी बोर्डात, फ्रेंच इमर्शनला आहे, निम्मं फ्रेंच निम्मं इंग्रजी, छान चाललंय, बसही दारात येते. त्याच्यापेक्षा वेगळं काय मिळणार? आणि पहिल्या वर्षी पोरगी घरी येऊन इंग्रजी बोलणार नाही, खेळायला मित्र कुठले मिळणार?

प्रसाद_ओटावा

रानवारा, फरक मोठा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

इमर्शन ही इंग्रजी बोर्डाची सोय आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी पालकांनी आग्रह धरून सुरू करून घेतली, म्हणजे ती इंग्रजीवाल्या मुलांना दुसरी भाषा म्हणून फ्रेंच यावं यासाठी. फ्रेंच शाळा ही क्यूबेक या फ्रेंच बहुसंख्य प्रांताबाहेर राहणाऱ्या फ्रेंच भाषिक अल्पसंख्याकांची, ती त्यांची भाषा टिकावी म्हणून आहे. ओंटारियोत अशी १२ फ्रेंच बोर्डं आहेत, ४ पब्लिक आणि ८ कॅथलिक.

ही फुकट मिळालेली नाहीत. १९१२ मध्ये ओंटारियो सरकारनं रेग्युलेशन १७ काढलं, पहिली दोन वर्षं सोडली तर फ्रेंचमधून शिकवायचं नाही. इथे ओटावात गीग शाळेत बेयात्रीस आणि दियान देलोज या दोघी बहिणी शिक्षिका होत्या, त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. १९१६ च्या जानेवारीत पोलीस आणि इन्स्पेक्टर आत येऊ नयेत म्हणून आया दारात उभ्या राहिल्या, हातात टोपीला लावायच्या लांब पिना घेऊन. तो नियम १९२७ पासून ढिला पडला, कागदावरून गेला १९४४ ला, आणि सरकारनं विधानसभेत माफी मागितली ती थेट २०१६ मध्ये. मॅनिटोबातही १९१६ लाच द्विभाषिक शाळा बंद केल्या होत्या. सरकारी पैशावर फ्रेंच हायस्कूल ओंटारियोत मिळायला १९६८ उजाडलं.

मग १९८२ ची कॅनडाच्या घटनेतली हक्कांची सनद, कलम २३. ज्या नागरिकाची पहिली शिकलेली आणि अजून समजणारी भाषा फ्रेंच आहे, किंवा ज्याचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालंय, किंवा ज्याचं एक मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकतंय, त्याच्या सगळ्या मुलांना फ्रेंच शाळेचा हक्क, संख्या पुरेशी असेल तर सरकारी खर्चानं. १९९० मध्ये अल्बर्टाच्या माहे केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसती शाळा पुरत नाही, कारभारही त्या समाजाच्या हातात पाहिजे. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या केसमध्ये सांगितलं की शाळा लहान असली तरी शिक्षण इंग्रजी शाळेच्या तोडीचंच हवं. आणि कलम २३ ला नॉटविदस्टँडिंग क्लॉज (सनदेतले काही हक्क बाजूला ठेवून कायदा करायची सरकारला मुभा) लागू होत नाही, कुठलंही प्रांत सरकार ते बाजूला ठेवू शकत नाही.

आता गंमत नाही, अडचण बघा. कलमात 'नागरिक' असं लिहिलंय. जुन्या फ्रेंच घरांत गेल्या दोन पिढ्या इंग्रजी माणसांशी लग्नं झाली, घरात इंग्रजी बोलतात, पण आजी फ्रेंच शाळेत, आई फ्रेंच शाळेत, म्हणून नातवाला पूर्ण हक्क, तो शाळेत येतो तेव्हा बोंजूरच्या पुढे जात नाही. आणि किन्शासाहून आलेलं मूल घरी फ्रेंच बोलतं, फ्रेंचमधून शिकलंय, त्याला कायद्यानं हक्क नाही, बोर्डाच्या प्रवेश समितीसमोर जावं लागतं. समितीत मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि बोर्डाचा एक अधिकारी असतो. ओंटारियोत ते सहसा घेतात. पण हक्क आणि परवानगी यातलं अंतर आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना चांगलंच ठाऊक आहे.

पीआर_च्या_वाटेवर

मी पुण्याहून. टीईएफ ही फ्रेंचची परीक्षा दिली आहे, एक्सप्रेस एंट्रीच्या (पीआर मिळायची पॉइंटवर चालणारी वाट) फ्रेंच ड्रॉवर आशा आहे. आमच्या क्लासमध्ये सगळे पॉइंटसाठीच शिकतायत, खरं सांगायचं तर मीही तसाच सुरू झालो होतो. या शाळांबद्दल क्लासमध्ये एकदाही विषय निघाला नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो, तर आमच्या मुलाला घेतील का? आणि सरकारला आमच्यासारखे लोक नक्की कशाला हवे आहेत?

प्रसाद_ओटावा

@पीआर, त्याचं कारण सरळ आहे, संख्या. क्यूबेकबाहेर फ्रेंच पहिली अधिकृत भाषा म्हणून वापरणारे २०२१ च्या जनगणनेत ३.३ टक्क्यांवर आले. जन्म कमी, घरात इंग्रजी, तरुण शहराकडे. म्हणून २००३ पासून सरकारनं ठरवलेलं की क्यूबेकबाहेर येणाऱ्या इमिग्रंटमध्ये ४.४ टक्के फ्रेंच बोलणारे हवेत, ते उद्दिष्ट पहिल्यांदा गाठलं २०२२ मध्ये. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ सुरू झाले आणि पुढची उद्दिष्टं वाढत गेली. तू ज्या ड्रॉची वाट बघतोयस तो या समाजाच्या काळजीतून आलाय, एवढं ध्यानात ठेव. शाळेचं म्हणशील तर समिती घरात किती फ्रेंच आहे, तुम्ही मुलाला मदत करू शकाल का हे बघते. तुझं फ्रेंच कामी येईल.

निनाद_ब्रॅम्प्टन

मला काही गोष्टी पटत नाहीत, स्पष्ट बोलतो, राग नसावा.

ओंटारियोत चार शाळा-व्यवस्था आहेत, इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक. चारही आपल्या टॅक्सवर. कॅथलिकांना १८६७ च्या घटनेचं कलम ९३ आहे म्हणून पैसे, आणि हिंदू, शीख, मुस्लिम, ज्यूंना शून्य. १९९९ मध्ये यूएनच्या मानवाधिकार समितीनं हा भेदभाव आहे असं स्पष्ट म्हटलं, तरी काही बदललं नाही. २००७ च्या ओंटारियोच्या निवडणुकीत विरोधी पक्षनेता जॉन टोरीनं सगळ्या धर्मांच्या शाळांना पैसे द्यायचं म्हटलं आणि निवडणूक हरला. क्यूबेक आणि न्यूफाउंडलंडनं नव्वदच्या दशकातच धर्मावर आधारलेली बोर्डं बंद केली. मग आपण हिंदूंनी पोर कॅथलिक शाळेत घालून त्या व्यवस्थेचा आकडा का वाढवायचा? प्रत्येक मुलामागे त्या बोर्डाला पैसे मिळतात.

आणि दुसरं, आपल्या पोरांना मराठी धड येत नाही, रविवारच्या मराठी शाळेला यायला कुरकुर करतात, आणि आपण दुसऱ्यांची भाषा टिकवायला निघालो. आधी आपली बघूया की.

देवकी_विंडसर

निनाद, टॅक्सबद्दल तुझं म्हणणं मान्य. पण जमिनीवरची स्थिती सांगते. विंडसरसारख्या ठिकाणी फ्रेंच शाळा म्हटलं की आधी कॅथलिकच समोर येते, कारण शंभर वर्षं इथे फ्रेंच आणि चर्च एकत्रच चालले. जुने लोक म्हणायचे की भाषा ही धर्माची राखणदार. पाद्री, नन, शाळा, गाव सगळं एकच. फ्रेंच पब्लिक बोर्डं नंतरची, शाळा कमी, अंतरं जास्त. त्यामुळे निवड धर्माची नसते, किलोमीटरची असते.

आमचा मुलगा नववीपासून फ्रेंच कॅथलिक हायस्कूलला आहे. कॅथलिक हायस्कूल ओंटारियोत सगळ्या धर्मांच्या मुलांना खुली आहेत, १९८४ ला ओंटारियोचे प्रीमियर बिल डेव्हिस यांनी हायस्कूलला पूर्ण पैसे द्यायची घोषणा केली त्याच्या मागोमाग ही अट कायद्यात आली. आणि तिथे धर्माच्या तासातून सूट मागता येते, लेखी अर्ज द्यायचा. २०१४ मध्ये कोर्टानं एका केसमध्ये सांगितलं की ही सूट मास (चर्चची सामूहिक प्रार्थना) आणि रिट्रीटलाही (धार्मिक शिबिर) लागू होते. पण हे हायस्कूलचं. प्राथमिकला तसा हक्क नाही, तिथे प्रवेश द्यायचा की नाही हेही बोर्डच ठरवतं, आणि एकदा घातलं की प्रार्थना, धर्माचा तास, दुसरीत फर्स्ट कम्युनियन या कॅथलिक विधीची तयारी हे रोजच्या दिवसाचा भाग असतं. मुक्ता, तुझी मुलगी चार वर्षांची आहे. तुला ठरवायचंय ते हे.

मुलाचा अनुभव चांगला आहे. वर्गातले जिवलग मित्र दोघं, एक रवांडाच्या घरातला कॅथलिक, एक जिबूतीचा मुस्लिम. तिघंही फ्रेंच शाळेत आणि तिघांच्याही घरात तिसरीच भाषा.

मेघना_मॉन्ट्रियल

क्यूबेकचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. इथे सगळं उलटं आहे. १९७७ च्या बिल १०१ या भाषेच्या कायद्यामुळे आपल्यासारख्यांची मुलं फ्रेंच शाळेतच जातात, त्यामुळे मॉन्ट्रियलच्या फ्रेंच शाळा कधीच्याच सगळ्या जगाच्या झाल्यात. इथे अल्पसंख्याक शाळा म्हणजे इंग्रजी.

आणि धर्माचं म्हणाल तर २०१९ च्या लॉ २१ नं सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला हिजाब, पगडी, क्रॉस काही घालता येत नाही. म्हणजे ओटावा नदीच्या अलीकडे ओंटारियोत हिजाब घालून फ्रेंच शाळेत शिकवता येतं, पूल ओलांडून क्यूबेकमधल्या गातिनोला गेलं की नव्या शिक्षिकेला ती नोकरी मिळत नाही. यात कलम २३ कसं आलं ते बघा. इथल्या इंग्रजी बोर्डानं कोर्टात सांगितलं की आमच्या शाळांचा कारभार आमच्या हातात आहे, शिक्षक कोण हेही आम्हीच ठरवणार आणि आमच्या समाजाला विविधता हवी आहे. २०२१ मध्ये खालच्या कोर्टानं ते मान्य केलं, २०२४ च्या फेब्रुवारीत अपील कोर्टानं फिरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अपीलाला परवानगी दिली. सांगायचं कारण, भाषेचा हक्क आणि धर्माची मोकळीक या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या असतात पण शाळेच्या दारात एकत्रच येतात.

शुभांगी_सप्लायटीचर

धागा कालपासून वाचतेय, आज रजा आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी टोरांटोच्या आसपास फ्रेंच शाळांमध्ये सप्लाय टीचर (बदली शिक्षिका) म्हणून काम करते, शाळांची नावं घेणार नाही.

मुक्ता, तू विचारलंस शाळा कोणाची. स्टाफरूममध्येही हा प्रश्न आहे, फक्त कोणी असा उघड विचारत नाही. भिंतीवर हिरवा-पांढरा फ्रँको-ओंटारियन झेंडा असतो, एका बाजूला ट्रिलियमचं फूल, दुसऱ्या बाजूला फ्लर-द-लीस, म्हणजे फ्रेंचांचं लिलीचं चिन्ह. १९७५ मध्ये २५ सप्टेंबरला सडबरीत तो पहिल्यांदा फडकला, म्हणून त्या दिवशी दरवर्षी सगळी मुलं हिरवे-पांढरे कपडे घालून येतात, गाणी म्हणतात. छान दिवस असतो. पण त्या दिवशी जो इतिहास सांगतात तो नॉर्थ ओंटारियोतल्या लाकूडतोड्यांचा, खाणकामगारांचा, चर्चचा. आयव्हरी कोस्टच्या मुलीला त्यात स्वतःला कुठे ठेवायचं ते कोणी सांगत नाही. डिक्टेशन असतं मेपलच्या साखरेच्या झोपडीवर, जिनं ती झोपडी आयुष्यात पाहिली नाही ती मुलगी शब्द चुकते, व्याकरणात एक चूक नसते. मग तिला 'भाषा कच्ची' असा शेरा.

याचे परिणाम होतात. दोन प्रोग्रॅम आहेत, एक एएलएफ, ज्यांचं फ्रेंच कच्चं आहे त्यांच्यासाठी, आणि दुसरा पाना, नव्याने देशात आलेल्यांसाठी. एएलएफची गरज मुख्यतः घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना, म्हणजे प्रसादनं सांगितलेल्या हक्कधारकांच्या नातवंडांना. पण उच्चार वेगळा, वहीत लिहायची पद्धत वेगळी, म्हणून आफ्रिकेतून आलेलं फाडफाड फ्रेंच बोलणारं मूल तिथे बसवलेलं मी पाहिलंय. त्याच्या बापाला, जो तिकडे हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवायचा आणि इथे गोदामात रात्रपाळी करतो, हे समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. पुढे त्याला बाहेर काढलं, पण त्यासाठी बापाला रात्रपाळी करून सकाळी शाळेत खेपा घालाव्या लागल्या.

याउलट पाना नीट चालवला तर फार चांगला आहे. निर्वासित छावणीत दोन-तीन वर्षं शाळा बुडालेली मुलं येतात, त्यांना नुसती भाषा नाही, वर्गात बसायची, लॉकर उघडायची, बर्फात बाहेर खेळायची सवय लावावी लागते.

आता व्हरांड्यातली भाषा. वर्गाबाहेर पडलं की सगळे इंग्रजी. सोमाली मूल हैतीच्या मुलाशी इंग्रजीत, लेबनॉनचं मूल काँगोच्या मुलाशी इंग्रजीत, दोघांनाही फ्रेंच येत असताना. शिक्षक दिवसभर 'आँ फ्राँसे, आँ फ्राँसे' म्हणत फिरतात आणि पोरांना फ्रेंच म्हणजे ओरडा खायची भाषा वाटायला लागते. मला स्वतःला हे फार लागतं. ज्या शाळांमध्ये इम्प्रोव्हायझेशनची (आयत्या वेळी सुचेल तसं नाटक) टीम चांगली आहे, जिथे पोरांना आपापलं संगीत लावू देतात, जिथे किन्शासाचं फ्रेंच आणि पोर्तोप्रँसचं फ्रेंच स्टेजवर चालतं, तिथे पोरं व्हरांड्यातही फ्रेंच बोलतात. हे मी अनेक शाळांतून बघितलंय. त्यांच्या फ्रेंचला हसलं की ते इंग्रजीकडे जातात, तिथे त्यांच्या उच्चाराला कोणी विचारत नाही.

धर्माचं. पब्लिक फ्रेंच शाळेत रमजानला दुपारच्या सुट्टीत उपास करणाऱ्या मुलांना बसायला खोली देतात, जेवणाच्या हॉलमध्ये बसून दुसऱ्यांचा पिझ्झा बघावा लागत नाही. पीटीचे शिक्षक त्या महिन्यात धावणं कमी करतात, सगळे नाही पण बरेच. कॅथलिक शाळेतही मुस्लिम मुलं पुष्कळ असतात, जवळ पडते म्हणून, आणि काही आईबाप तर मला सरळ म्हणाले की देव न मानणाऱ्या शाळेपेक्षा देव मानणारी बरी. हे ऐकून मी विचारात पडले होते. मासच्या वेळी ती मुलं लायब्ररीत बसतात किंवा मागच्या बाकावर गप्प बसतात, शाळेशाळेवर आणि मुख्याध्यापकावर आहे. चांगला मुख्याध्यापक आधी आईबापाशी बोलतो. बाकीच्यांकडे मूलच ठरवतं काय करायचं, आणि आठ वर्षांच्या मुलावर ते टाकणं मला चूक वाटतं.

आणि एक गोष्ट पालकांना दिसत नाही. फ्रेंच शिक्षकांची टंचाई प्रचंड आहे, तरी कॅथलिक बोर्ड नोकरीत कॅथलिकांना प्राधान्य देऊ शकतं, अनेकदा पाद्र्यांचं पत्र मागतात. म्हणजे अल्जीरियाची गणिताची उत्तम शिक्षिका, वर्गात निम्मी मुलं तिच्यासारखी, तरी तिला तिथे कायमची जागा मिळणं अवघड. मी हिंदू, माझंही तेच. मला कॅथलिक बोर्डातली माणसं आवडतात, काही फार मायाळू आहेत, पण हा नियम आजच्या वर्गांना धरून नाही असं माझं ठाम मत आहे.

निनाद, मराठीबद्दल. माझी दोन्ही मुलं फ्रेंच शाळेत शिकली आणि मराठी बोलतात. घरी मराठी बोललो म्हणून बोलतात. शाळेत रोज कानावर पडतं की भाषा टिकवावी लागते, ती आपोआप राहत नाही, त्यामुळे घरच्या भाषेची त्यांना कधी लाज वाटली नाही.

रानवारा

शुभांगीताई, इतकं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. धन्यवाद. इमर्शनमध्ये आम्हाला यातलं काही कळत नाही, तिथे फ्रेंच म्हणजे एक चांगलं स्किल.

बेळगावची_पोर

कॅनडाशी माझा संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून. मी बेळगावात मराठी शाळेत शिकले. आपल्या घटनेचं कलम ३० भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना शाळा काढायचा, चालवायचा हक्क देतं, पण सरकारनं शाळा बांधून द्यावी असं ते म्हणत नाही. प्रसादनं सांगितलेलं कलम २३ सरकारवर कर्तव्य टाकतं, हा फार मोठा फरक आहे.

आणि वर्गांचं म्हणाल तर आमच्या मराठी शाळेतही मुस्लिम मुली होत्या, घरात उर्दू-कानडी, उत्तम मराठी लिहायच्या. निबंधाचं बक्षीस त्यातल्या एकीनं बरीच वर्षं घेतलं. तिला कोणी विचारलं नाही की मराठी शाळा तुझी की आमची. की विचारलं असेल आणि मला कळलं नसेल, आता हा धागा वाचताना असं वाटतंय. तिचा पत्ता शोधून विचारणार आहे.

निनाद_ब्रॅम्प्टन

शुभांगी, पाद्र्याच्या पत्राचं मला माहीत नव्हतं. माझा मुद्दा त्यामुळे आणखी पक्का झाला, कॅथलिक बोर्डाचा. फ्रेंच शाळेला माझा विरोध नाहीच, टॅक्समधून त्यांना मिळतं ते त्यांच्या भाषेसाठी मिळावं, देवळासाठी नको. पण मला एक सांगा, बाहेरचे इतके आले तर उद्या जुन्या फ्रेंच लोकांना त्यांच्याच बोर्डावर जागा राहील का? त्यांना भीती वाटत असेल तर ती चूक कशी म्हणायची?

प्रसाद_ओटावा

भीती आहे आणि ती खोटी नाही. ज्यांच्या आज्यांनी दारात पिना घेऊन उभं राहून शाळा वाचवली त्यांना वाटणारच. पण भीती कशाची हे नीट बघायला हवं. फ्रेंच अजिबात न येणारी मुलं जास्त झाली तर शाळा इंग्रजी होते, ही भीती खरी आहे. काळी किंवा मुस्लिम मुलं जास्त झाली ही भीती त्याच वाक्यात मिसळून बोलली जाते, ती वेगळी काढून ठेवली पाहिजे. जिबूतीच्या मुलामुळे शाळा इंग्रजी होत नाही.

कोर्टानंही हा प्रश्न अलीकडे बघितलाय. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये फ्रेंच बोर्ड म्हणत होतं की हक्क नसलेल्या पाच कुटुंबांच्या मुलांना घ्यायचंय, आणि मंत्र्यानं नाही म्हटलं. ८ डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की असा निर्णय घेताना मंत्र्यानं त्या भाषिक समाजाचं टिकणं आणि वाढणं, म्हणजे कलम २३ मागचा हेतू, खरोखर विचारात घेतला पाहिजे. म्हणजे समाजालाच ही मुलं हवी होती आणि सरकार नको म्हणत होतं!

आणि निनाद, कलमाचा दुसरा भाग बघ. मुक्ताची मुलगी आज समितीच्या परवानगीनं शिरेल. उद्या मुक्ता सिटिझन झाली की 'जिचं मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकतंय अशी नागरिक' म्हणून ती हक्कधारक, लेकीच्या पाठच्या भावंडांनाही हक्क. आणि लेक मोठी झाली की 'प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून' म्हणून ती स्वतः हक्कधारक, तिच्या मुलांसकट. बोर्डाच्या ट्रस्टींसाठी (निवडून येणारे सदस्य) मत देता येईल, उभं राहता येईल. जुन्या लोकांची जागा जात नाही, जागा वाढते.

देवकी_विंडसर

प्रसाद +१. फक्त एक, 'जागा वाढते' हे बोर्डाच्या मीटिंगमध्ये दिसत नाही अजून. आमच्याकडे पालक परिषदेत अजून जुनीच आडनावं. मीटिंग संध्याकाळी सहाला, आणि अर्धे नवे पालक त्या वेळी कामावर. शनिवारी सकाळी ठेवा असं सांगून बघितलं, एकदा ठेवली, हॉल भरला.

मुक्ता_मिसिसागा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्यालाही वाचून दाखवलं सगळं. तो कॅथलिक शाळेच्या बाजूचा होता, मॉरिशसमध्ये चर्चच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्राथमिक शाळांमध्ये हिंदू, मुस्लिम, चिनी सगळे असतात, तोही तिथलाच, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझं मन शुभांगीच्या प्रतिसादानं फिरलं. पोरीला प्रार्थनेनं काही होईल म्हणून नाही. पण जिथे मला स्वतःला कायमची शिक्षिका म्हणून घेणं अवघड, तिथे मी मुलीला 'ही तुझी शाळा' असं कुठल्या तोंडानं सांगू? आम्ही पब्लिक फ्रेंच शाळा ठरवली, बसने. शेजारची काँगोची ताई तिच्या तिघांना जवळच्या कॅथलिक शाळेत पाठवते, ती श्रद्धाळू आहे, तिच्यासाठी ती शाळा बरोबरच आहे, आणि आम्ही दोघी मिळून संध्याकाळी मुलांना फ्रेंच गोष्टी वाचून दाखवायचं ठरवलंय.

प्रसाद, परवानगी आणि हक्क यावर मी खूप विचार केला. पाहुणी म्हणून जायचं नाही, एवढं नक्की. पण हक्काने बसायचं तर व्हरांड्यात फ्रेंच बोलायला, पालक परिषदेला जायला आणि देलोज बहिणींची गोष्ट मुलीला सांगायलाही आम्हीच लागणार, आणि तिला गणपतीची गोष्ट वर्गात फ्रेंचमध्ये सांगता यावी म्हणून शाळेकडे जागा मागायलाही आम्हीच.

आता समितीची भेट ठरायची आहे. शुभांगी, काय तयारी करू? फॉर्मवर नवऱ्याची पहिली भाषा क्रिओल लिहायची की फ्रेंच, यावरून घरात अजून वाद चालू आहे.

शुभांगी_सप्लायटीचर

खरं असेल तेच लिहा. क्रिओल, आणि पुढच्या रकान्यात घरात फ्रेंच किती आणि कोणाशी बोलता ते सविस्तर. त्याचे शाळेचे दाखले, फ्रेंचमधली मार्कशीट असेल ती, तुझं आलियाँसचं सर्टिफिकेट, पोरीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि पीआर कार्डं न्या. मुलीशी तिथे कोणीतरी दोन मिनिटं खेळत खेळत बोलेल, तिला आधी पढवू नका. आणि तुम्ही दोघं पहिल्यापासून शेवटपर्यंत फ्रेंचच बोला, अडखळलात तरी इंग्रजीत जाऊ नका. बससाठी वेगळा फॉर्म असतो, तो त्याच दिवशी मागून घ्या, नंतर स्टॉप लांबचा मिळतो.

पीआर_च्या_वाटेवर

शुभांगीताई, ही यादी सेव्ह केली. आमच्या क्लासच्या ग्रुपवर हा धागा टाकतोय, आणि पुढच्या आठवड्यात सरांना सांगून एक तास यावरच घ्यायला लावतो, देलोज बहिणींपासून.